थोडा गूळ चालेल ना?

घोड्याला उलटी होत नाही. अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथला स्नायू इतका घट्ट असतो, की एकदा आत गेलेला घास परत वर येत नाही. त्यामुळे घोड्याच्या पोटात गेलेली वस्तू एक तर दुसऱ्या टोकाने बाहेर पडते, नाही तर डॉक्टरांना रात्री दोन वाजता आमच्या वरसे गावात यायला लावते. म्हणून आम्ही कुंपणावर पाटी लावली आहे : ‘कृपया घोड्यांना काहीही खायला देऊ नये.’ येणारे-जाणारे थांबतात, पाटी मोठ्याने वाचतात, पटल्यासारखी मान डोलावतात आणि मला विचारतात, “पण थोडा गूळ चालेल ना?”

वरसे रोह्याला इतकं चिकटलंय की रोहा कुठे संपला आणि वरसे कुठे सुरू झालं हे घरपट्टीच्या पावतीवरूनच कळतं. पलीकडे धाटावची एमआयडीसी, अलीकडे कुंडलिका, आणि मधल्या भातखाचरांच्या एका तुकड्यावर आमचे सात घोडे. सातही कुणाकडून तरी सोडवून आणलेले, किंवा म्हातारे झाले म्हणून नकोसे झालेले. त्यांना क्रौर्यापासून सोडवायचं काम दुसऱ्यांनी केलं. आमच्या वाट्याला आलंय ते प्रेमापासून सोडवायचं, आणि त्यात ना पोलीस मदतीला येतात ना कायदा.

प्रेम ऋतुमानाप्रमाणे येतं. गणपतीत उकडीचे मोदक, होळीला पुरणपोळी, लग्नसराईत उरलेला मसालेभात पातेल्यासकट. हिवाळ्यात पोपटी. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालून वालाच्या शेंगा भाजायच्या, हा आमच्या रायगडचा मोसमी धर्म आहे; त्या शेंगा घोड्यांनी का खाऊ नयेत हे इथल्या माणसाला पटवणं कठीण. गोड आणि धान्य जास्त झालं की घोड्याच्या खुराच्या आतला नाजूक थर सुजतो आणि जनावर पाय टेकेनासं होतं. हे मी एका काकांना समजावलं तेव्हा ते म्हणाले, “वहिनी, खाल्लं तोंडाने, गेलं पोटात. पाय कशाला दुखतील?” मी म्हटलं, “काका, तुम्हाला मधुमेह आहे ना? तळपायाला मुंग्या येतात म्हणालात परवा.” काका विचारात पडले. तेव्हापासून ते गूळ आणत नाहीत. केळी आणतात.

सात जणांत वडीलधारा बादल. मुंबईत व्हिक्टोरिया ओढायचा. २०१५ च्या जूनमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने नुसत्या हौसेसाठी चालणाऱ्या त्या घोडागाड्या बेकायदा ठरवल्या आणि बंद करायला वर्षाची मुदत दिली. पुढे २०२१ च्या मार्चमध्ये विजेवर चालणाऱ्या व्हिक्टोरिया आल्या. दिसायला तशाच, फक्त कडबा खात नाहीत, लीद टाकत नाहीत आणि म्हातारपणी कुणाच्या गळ्यात पडत नाहीत. बादल पडला. मुंबईच्या बसचे हॉर्न कानाशी वाजले तरी त्याची पापणी लवत नव्हती म्हणे. वरशात आल्यावर मात्र पहिल्या पावसात बेडकाला पाहून तो चारी पायांवर उडाला. त्याची एक सवय अजून गेलेली नाही. त्याच्या मागे तीन-चार माणसं गप्पा मारत उभी राहिली की तो मान ताठ करतो, पुढचा पाय किंचित उचलतो आणि थांबतो. सवारी बसतेय, निघायचंय. माणसं बसत नाहीत, बादल निघत नाही. मग मी जाऊन त्या माणसांना थोडं बाजूला गप्पा मारायला सांगते. माणसांना वाटतं, मी त्यांना हाकलतेय.

चांदणी वरातीतली. पांढरी, पापण्यासुद्धा पांढऱ्या. वैशाखात रस्त्यावरून बँड गेला की ती चरता चरता एकदम थांबते आणि तिचे पुढचे पाय आपोआप ठेका धरतात. गाणं कोणतं याच्याशी तिला कर्तव्य नाही. ती ढोल ऐकते. तोंडात गवताची काडी तशीच, डोळे अर्धे मिटलेले आणि पाय नाचताहेत. बघायला लोक जमतात, टाळ्या वाजवतात. मला ते दृश्य बघवत नाही, कारण हे पाय असे उचलायला तिला कसं शिकवलं असेल याचा मला अंदाज आहे. पण तेवढ्यात कुणीतरी पुढे होऊन विचारतं, “वहिनी, घोडी रिकामीच असते ना तुमची? दोन तासांचा प्रश्न आहे. मुलगा हलकाच आहे.” मी मुलगा पाहिला आहे. मुलगा हलका नाही.

माथेरानच्या जोडीची कथा वेगळी. माथेरान आपल्याच जिल्ह्यात. वर गाड्यांना बंदी, म्हणून घोडा हे तिथलं जुनं वाहन आणि शेकडो घरांची भाकरी. २०२२ च्या डिसेंबरात तिथे ई-रिक्षांची चाचणी सुरू झाली तेव्हा घोडेवाल्यांच्या पोटात गोळा आला, तो काही उगाच नव्हे. तिथले सगळे घोडेवाले दुष्ट असतात असं मुंबईहून आलेल्या पाहुण्यांना वाटतं, तसं अजिबात नाही. घोडा लंगडला तर घर लंगडतं, हे त्यांच्याइतकं कुणाला कळत नसेल. आमची ही जोडी मात्र वयाने थकून उतरलेली. लाल मातीच्या अरुंद वाटेवर आयुष्य गेलं. इथे मोकळं रान मिळालं तरी दोघं एकामागे एक, डावीकडून, कडेकडेने चालतात. मधे काय आहे हे त्यांनी अजून पाहिलेलं नाही.

पाचवा महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर धावलेला. त्याच्या कागदावर वडील, आजोबा, पणजोबा अशी छापील वंशावळ आहे. इतकी व्यवस्थित वंशावळ आमच्या घरात कुणाची नाही. नाव दीड ओळीचं, इंग्रजी. इथे त्याला बाळ्या म्हणतात. सातांत खानदानी तो एकटाच आणि सगळ्यात जास्त आजारीही तोच. डास चावला की अंगावर गांधी उठतात, वारा बदलला की पोट फुगतं. शेवटचे दोघे कुठले, कुणाचे, काय काम करायचे हे त्यांनाच माहीत. ते सांगत नाहीत. त्यातली तपकिरी घोडी सगळ्यांत बुटकी, आणि सगळा कळप तिच्या मताने चालतो. ती कान मागे पाडते, एवढंच. बाळ्या, वंशावळ घेऊन, बाजूला होतो.

घोड्यांचं सर्वांगीण संगोपन, म्हणजे नुसता रोग नव्हे तर खाणं, चालणं, सोबत, मन या सगळ्याचा एकत्र विचार, हा विषय घेऊन पुण्या-मुंबईहून माणसं येतात. कुणी डोळे मिटून घोड्याच्या कपाळाजवळ हात धरतात. कुणी बासरीची फीत लावतात. एका मुलीने बाळ्याजवळ तासभर ध्यान केलं. तिने डोळे उघडले तेव्हा ओढणीचं एक टोक बाळ्याच्या पोटात होतं. मला या सगळ्याची थट्टा करायची नाही. त्या तासाभरात तिला शांत वाटलं असेल तर उत्तम. ओढणी दुसऱ्या टोकाने बाहेर येईपर्यंत आम्हाला तसं वाटलं नाही. पण माझ्या मते हे सगळं शास्त्र बिरबलाने एका ओळीत उरकलेलं आहे. भाकरी का करपली, पान का सडलं, घोडा का अडला? फिरवलं नाही म्हणून.

घोड्याचं जठर त्याच्या अंगाच्या मानाने फारच लहान, आठ ते पंधरा लिटरचं. आणि त्यात आम्ल सतत झिरपतं, पोट भरलेलं असो वा रिकामं. म्हणजे या प्राण्याने दिवसाचे चौदा-सोळा तास थोडं थोडं चरावं आणि चरता चरता चालावं, अशी मूळ योजना. माणसाने काय केलं? एका जागी बांधलं, सकाळ-संध्याकाळ हरभऱ्याची चंदी तोबऱ्यात भरून तोंडाला अडकवली आणि मधल्या वेळात ‘पोटात का दुखतं’ म्हणून ओव्याचा काढा पाजला. म्हणून आम्ही पाणी एका टोकाला ठेवलंय, गवत दुसऱ्या टोकाला, आणि मिठाचा खडा तिसरीकडे आंब्याखाली. प्यायला, खायला आणि चाटायला चालावंच लागतं. ही रचना बघून गावातले एक निवृत्त ओव्हरसियर फार हळहळले. “वहिनी, पाणी गवताजवळ घेतलं असतं तर बिचाऱ्यांची पायपीट वाचली असती. मला विचारायचं ना आधी. पाइप किती, चाळीस फूट लागला असता.” पुढच्या वेळी ते टेप घेऊन आले.

नाल ठोकणारे चाचाही आमच्यावर नाराज आहेत. आमचे घोडे आता डांबरी रस्त्यावर ओझं ओढत नाहीत, त्यामुळे त्यांना नाल लागत नाही. सहा-आठ आठवड्यांनी खुरं कापून, कानस मारून सारखी केली की पुरे. चाचांचे वडील आणि आजोबा नाल ठोकत आले. नुसती नखं कापून पैसे घ्यायचं त्यांच्या जिवावर येतं. म्हणून दर खेपेला जाताना ते एक जुनी नाल दाराला लावायला भेट देतात. आमच्या घरातली दारं केव्हाच संपली. आता बाथरूमच्या दारावरही नाल आहे.

खरी परीक्षा पावसात. रायगडात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि घोडा हा मुळात कोरड्या माळरानाचा प्राणी. खुराच्या तळाशी मधोमध एक मऊ त्रिकोण असतो. चिखलात उभं राहून तो सडायला लागला की जो वास येतो त्याचं वर्णन जेवणाआधी वाचणाऱ्यांसाठी टाळते. रोज सकाळी सात घोड्यांची अठ्ठावीस खुरं आकड्याने कोरायची, ब्रशने घासायची, पुसायची, जिथे सडलंय तिथे मोरचुदाचं पाणी लावायचं. खूर उचलून मांडीवर घेतलं की घोडा आपलं वजन हळूहळू तुमच्यावर सोडतो. चांदणी तर चक्क डुलकी काढते. तुम्ही वाकलेले, पाठीत कळ, नाकात तो वास, आणि कुंपणापलीकडून छत्रीतला गृहस्थ विचारतो, “काय, पेडिक्युअर का?”

नकुलाची मला या वेळी फार आठवण येते. विराटाकडे अज्ञातवासात तो ग्रंथिक नाव घेऊन घोड्यांची देखभाल करायला राहिला आणि वर्षभर कुणाला सापडला नाही. पांडवांतला सगळ्यात देखणा माणूस! लीद काढणाऱ्याच्या तोंडाकडे कुणी बघत नाही, हे व्यासांना पक्कं ठाऊक असणार.

आणि चारा. साडेतीनशे वर्षांपूर्वी, राज्याभिषेकाच्या आसपास, शिवाजी महाराजांनी चिपळूणकडे पावसाळी मुक्कामाला असलेल्या पागेच्या अंमलदारांना एक पत्र लिहिलं. आत्ताच दाणा-वैरण उधळलीत तर पावसात काही उरणार नाही, घोडी मरतील, आणि ती तुम्हीच मारलीत असं होईल, अशी ताकीद त्यात आहे. मग रयतेला लुबाडू नका, हे तर आहेच. पण मला जे थक्क करतं ते पुढचं : गवताच्या गंजीजवळ आगट्या करू नका, तंबाखू ओढू नका, रात्री दिवा जळता ठेवू नका, नाही तर एखादा उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि सगळं जळेल. राज्य उभं करणाऱ्या माणसाला उंदराचा विचार सुचतो, तो कोकणात घोडे सांभाळून बघितल्याशिवाय सुचणार नाही. आमच्या गोठ्यात दिवा नाही, पण विडी आहे. चारा उतरवायला आलेला प्रत्येक गडी गंजीला टेकूनच विडी पेटवतो, कारण तिथे वारा लागत नाही.

भाताचा पेंढा वरशात हवा तेवढा. पण घोड्याला त्यावर ठेवता येत नाही. त्यात कस कमी, आणि जे असतं ते अंगातलं कॅल्शियम अडवून ठेवतं. म्हणून ज्वारीचा कडबा घाटावरून येतो. ट्रक आला की बघ्यांना वाटतं की आम्ही श्रीमंत आहोत, आणि ट्रकवाल्याचीही तीच समजूत. गायीचं पशुखाद्य स्वस्तात मिळतं, पण काही पशुखाद्यांत मोनेन्सिन नावाचं औषध असतं. गायीला ते मानवतं, घोड्याचं हृदय बंद पाडतं. एकदा एक सद्गृहस्थ गायीच्या खाद्याची अख्खी गोणी दान द्यायला घेऊन आले होते. त्यांना हे सांगितल्यावर त्यांनी गोणीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि “आजकाल दान घेणारेही भाव खातात” असं म्हणून गोणी परत नेली.

घोडा उभ्या उभ्या झोपतो हे सर्वांना माहीत असतं. तो पायांचे सांधे अडकवून ठेवतो आणि पडत नाही. पण गाढ झोपेसाठी त्याला आडवं व्हावंच लागतं, रोज थोडा वेळ तरी, आणि भोवतालचं सगळं ठीक आहे अशी खात्री पटल्याशिवाय तो आडवा होत नाही. आमच्याकडे आलेला नवा घोडा पहिल्यांदा लोळून, पाय ताणून, मान जमिनीवर टाकून झोपला की आम्हाला पेढे वाटावेसे वाटतात. नेमक्या त्याच वेळी फोन येतो. “ताई, तुमचा पांढरा घोडा गेला वाटतं.” मी सांगते, झोपलीय. “नाही हो, मी दोन मिनिटं बघतोय, पोट हलत नाहीये.” दुसरा फोन : “खड्डा खणायला जेसीबी पाठवू का? भावाचाच आहे.” थोड्या वेळाने शेजारच्या काकू हळद-कुंकवाचं ताट आणि नारळ घेऊन फाटकात. चांदणी एव्हाना उठून अंग झाडत असते. काकूंना आनंद होतोच, पण ताटाचं काय करायचं हा प्रश्न उरतो. मग त्या दृष्ट काढतात. नारळ फोडतात. आणि खोबऱ्याचा तुकडा हातात घेऊन माझ्याकडे बघतात.

याच काकूंच्या घरातून लिदीच्या वासाबद्दल अधूनमधून तक्रार येते. एक घोडा दिवसाला पंधरा-वीस किलो लीद टाकतो. सात घोड्यांचा हिशोब तुम्हीच करा. मी त्यांना एकदा सांगितलं की सर्पदंशावरची लस घोड्यामुळे मिळते. सापाचं विष अगदी थोड्या मात्रेत घोड्याला टोचतात, त्याच्या रक्तात प्रतिविष तयार होतं, ते काढून, शुद्ध करून कुपीत भरतात. हाफकिनचे घोडे पिंपरीत याच कामावर होते. पावसाळ्यात आपल्याकडे फुरसं निघतं, घोणस निघते, तेव्हा सरकारी दवाखान्यातल्या त्या कुपीत एखाद्या घोड्याचं रक्त असतं. काकू गप्प झाल्या. दुसऱ्या दिवशी घमेलं घेऊन आल्या, वालाच्या वाफ्याला लीद हवी म्हणून. घमेल्यात आधीपासून एक पुडी होती. पुडीत गूळ होता.

वर्षातून एकदा दातांचे डॉक्टर येतात. घोड्याचे दात आयुष्यभर वर सरकत राहतात आणि चघळून चघळून कडांना धारा येतात. त्या गालाला टोचायला लागल्या की घोडा खाणं सोडतो. मग कानस घालून दात सारखे करायचे. आधी गुंगीचं इंजेक्शन, मग तोंड उघडं राहावं म्हणून लोखंडी चौकट, मग बॅटरी, मग लांब दांड्याची कानस. हा कार्यक्रम गुप्त ठेवायचा आम्ही कसोशीने प्रयत्न करतो. पण गुंगी चढून बादलची मान खाली झुकली, ओठ लोंबला की कुंपणाला अर्धा गाव लागलेला असतो. “चढली वाटतं.” “किती पाजली हो, डॉक्टर?” “आमच्याकडच्याला अर्धीत होतं.”

डॉक्टर कोपरापर्यंत हात बादलच्या तोंडात घालून कानस चालवत होते. किसणीवर सुकं खोबरं घासल्यासारखा आवाज. पाठीमागे सवारी जमलेली, म्हणून बादल त्या गुंगीतही पुढचा पाय उचलायचा प्रयत्न करत होता. तेवढ्यात गर्दीतून एक आजोबा पुढे आले, तोंडावर रुमाल धरून. डॉक्टरांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी विचारलं,

“डॉक्टरसाहेब, माझी खालची कवळी टोचते. हे झाल्यावर जरा त्याच कानशीने बघता का?”

डॉक्टर हात बाहेर न काढता म्हणाले, “आजोबा, आधी इंजेक्शन घ्यावं लागेल.”

आजोबांनी बादलकडे नीट पाहिलं. झुकलेली मान, अर्धमिटले डोळे, एकूण चेहऱ्यावरचं समाधान.

“चालेल,” आजोबा म्हणाले.